प्रश्न तुमचे, उत्तरे आमची : आफ्रिकेतल्या कमरेसाठी कुठला आकडा खरा?

मेटाबॉलिक सिंड्रोमबद्दल, म्हणजे कंबर, साखर, रक्तदाब आणि रक्तातली चरबी यांच्या एकत्र येणाऱ्या बिघाडांबद्दल, या वेळी आलेले बहुतेक प्रश्न आफ्रिकेत काम करणाऱ्या वाचकांचे आहेत. कुणी दवाखान्यात आहे, कुणी प्रयोगशाळेत, कुणी पाहणीच्या कामावर. सगळ्यांची अडचण फिरून फिरून एकाच जागी येते: कमरेचा घेर किती सेंटिमीटरच्या पुढे गेला की धोका धरायचा? प्रश्न थोडक्यात देऊन उत्तरे सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : आमच्या तक्त्यावर पुरुषांसाठी ९४ आणि स्त्रियांसाठी ८० सेंमी लिहिले आहे. जुन्या एका पुस्तकात १०२ आणि ८८ आहे. दोन्ही आफ्रिकी रुग्णांना लावलेले दिसतात. हे आकडे आले कुठून?

उत्तर : दोन्ही जोड्या स्कॉटलंडमधून आल्या, आफ्रिकेतून नाहीत. १९९५ साली ग्लासगोच्या उत्तर भागातल्या गोऱ्या प्रौढांची मापे घेऊन दोन पायऱ्या ठरवल्या गेल्या. पुरुषांत ९४ आणि स्त्रियांत ८० ही पहिली पायरी, म्हणजे 'आता वजन वाढू देऊ नका'. ती साधारण बीएमआय (किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २५ शी जुळते. १०२ आणि ८८ ही दुसरी पायरी, म्हणजे 'वजन उतरवा आणि सल्ला घ्या'. ती बीएमआय ३० शी जुळते. इथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी की हे आकडे बीएमआयशी जुळवून काढले होते. कोणत्या घेरानंतर साखर किंवा रक्तदाब बिघडतो, हे शोधून ते ठरलेले नाहीत.

मेटाबॉलिक सिंड्रोमसाठीच्या अमेरिकेच्या २००१ च्या निकषांनी दुसरी पायरी उचलली. इंटरनॅशनल डायबेटिस फेडरेशनने २००५ साली युरोपीय वंशाच्या लोकांसाठी पहिली पायरी घेतली, आशियाई लोकांसाठी वेगळे आकडे दिले आणि सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेबद्दल म्हटले की तिथली स्वतःची माहिती मिळेपर्यंत युरोपचेच आकडे वापरा. ती तात्पुरती सोय होती. २००९ साली सहा संस्थांनी मिळून एक संयुक्त व्याख्या केली, तिच्या तक्त्यातही आफ्रिकेसमोर ९४ आणि ८० च राहिले. तक्ते भिंतीवर चढले आणि 'तात्पुरते' हा शब्द गळून पडला. आमच्या मते या विषयातली सर्वांत मोठी चूक हीच आहे.

त्या संयुक्त व्याख्येनुसार पाचपैकी कोणत्याही तीन गोष्टी असल्या की मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. कमरेचा घेर ही त्यातली एक. बाकीच्या चार अशा: ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) लिटरमागे १.७ मिलिमोल किंवा जास्त, म्हणजे डेसिलिटरमागे १५० मिलिग्रॅम. एचडीएल, म्हणजे 'चांगले' कोलेस्टेरॉल, पुरुषांत १.० मिलिमोलपेक्षा कमी (४० मिलिग्रॅम) आणि स्त्रियांत १.३ पेक्षा कमी (५० मिलिग्रॅम); रक्तदाब वरचा १३० किंवा जास्त, अथवा खालचा ८५ किंवा जास्त; उपाशीपोटी साखर ५.६ मिलिमोल किंवा जास्त, म्हणजे १०० मिलिग्रॅम. त्या त्या गोष्टीसाठी औषध चालू असेल तर आकडा आटोक्यात दिसला तरी तो मुद्दा 'आहे' असाच धरायचा. नोंदी भरताना हे हमखास विसरले जाते. गोळी घेऊन १२२/७८ आलेल्या माणसाच्या रकान्यात 'नाही' लिहिले जाते आणि पाहणीचा सगळा हिशेब खाली घसरतो.

प्रश्न : आफ्रिकेतल्याच अभ्यासांत स्त्रियांसाठी कुठे ९२ तर कुठे ८१ सापडते. एक चूक असणार ना?

उत्तर : नाही, दोन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. ते का, हे समजले की उरलेले प्रश्न सोपे होतील, म्हणून इथे थोडे थांबू.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल प्रांताच्या ग्रामीण झुलू लोकांत पुरुषांसाठी ८६ आणि स्त्रियांसाठी ९२ सेंमी हे आकडे निघाले. क्रम उलटा झाला हे पाहा. युरोपच्या तक्त्यात पुरुषांचा आकडा मोठा असतो, इथे स्त्रियांचा मोठा. पुढच्याच वर्षी जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोमधल्या स्त्रियांच्या अभ्यासातून ९१.५ सेंमी आला, म्हणजे जवळपास तोच. नंतर २०१७ साली आठ देशांतल्या १७ पाहण्यांमधली २४ हजारांहून जास्त माणसांची माहिती एकत्र केली गेली, तेव्हा पुरुषांसाठी ८१.२ आणि स्त्रियांसाठी ८१.० निघाले.

असा आकडा काढायची रीत अशी. आधी ठरवायचे की ओळखायचे कुणाला. बहुतेक अभ्यासांत कंबर सोडून उरलेल्या चारपैकी दोन किंवा जास्त बिघाड असलेल्यांना. मग प्रत्येक सेंटिमीटरला दोन गोष्टी मोजायच्या: बिघाड असलेल्यांपैकी किती सापडतात आणि बिघाड नसलेल्यांपैकी किती जण विनाकारण अडकत नाहीत. या दोन्ही टक्केवारींची बेरीज जिथे सर्वांत जास्त भरते, तो कट-ऑफ.

समजण्यासाठी काल्पनिक हिशेब करू. २०० स्त्रिया आहेत, त्यांतल्या ५० जणींना दोन किंवा जास्त बिघाड आहेत. मर्यादा ८० ठेवली तर ५० पैकी ४७ सापडतात, पण उरलेल्या १५० निरोगी स्त्रियांपैकी ११० जणीही 'धोका' या खान्यात जातात. मर्यादा ९२ केली तर ५० पैकी ३६ सापडतात आणि निरोगींपैकी ४८ च अडकतात. पहिल्यात सापडलेल्या ९४ टक्के अधिक न अडकलेल्या २७ टक्के, म्हणजे बेरीज १२१. दुसऱ्यात ७२ अधिक ६८, म्हणजे १४०. गणित ९२ ला कौल देते. पण त्या १४ स्त्रिया निसटल्या, हे गणित बोलून दाखवत नाही.

शिवाय हा आकडा त्या गटाच्या सरासरी घेराकडे ओढला जातो. ज्या गटात बहुतेक स्त्रियांची कंबर ९० च्या आसपास आहे, तिथे निरोगी आणि आजारी यांना वेगळे करणारी रेघही तिथेच कुठेतरी पडणार. दक्षिण आफ्रिकेच्या २०१६ च्या राष्ट्रीय पाहणीत ६८ टक्के स्त्रिया आणि ३१ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ आढळले. अशा देशात स्त्रियांचा कट-ऑफ वर सरकतो आणि पुरुषांचा खाली राहतो. अनेक देश मिसळले, त्यांतले शेतात राबणारे सडपातळ लोक आले, की दोन्ही आकडे खाली येऊन ८१ वर भेटतात. म्हणजे ९२ हा 'आफ्रिकी स्त्रीच्या शरीराचा' आकडा नाही. तो त्या काळातल्या, त्या ठिकाणच्या गटाचा आहे. सोवेटोचा आकडा पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोच्या खेड्यात नेऊन लावणे ही ग्लासगोचा आकडा सोवेटोत लावण्याइतकीच मोठी चूक ठरेल.

मग काम करणाऱ्याने काय करावे? पुढची पायरी किती खर्चाची आहे ते पाहावे. कंबर मोजून फक्त रक्तदाब आणि एक साखर तपासायची असेल, तर स्त्रियांसाठी ८० ठेवले तरी बिघडत नाही. जास्त जणी तपासल्या जातील इतकेच. प्रयोगशाळेच्या चाचण्या मोजक्याच असतील आणि दक्षिण आफ्रिकेतल्या शहरी स्त्रिया समोर असतील, तर ९२ च्या जवळची मर्यादा शहाणपणाची. पुरुषांच्या बाबतीत मात्र आमचे मत स्पष्ट आहे: ९४ ची वाट पाहू नका. आफ्रिकेतल्या अभ्यासांत पुरुषांचा आकडा ९४ च्या बराच खाली निघाला आहे. ९४ धरून बसलो तर सडपातळ दिसणारा, पण साखर चढलेला पुरुष हातातून जातो.

प्रश्न : आमच्याकडे एका स्त्रीची कंबर ८४ सेंमी, रक्तदाब १३४/८२, ट्रायग्लिसराइड ०.९, एचडीएल १.१ आणि उपाशीपोटी साखर ५.८ आहे. तिला सिंड्रोम आहे की नाही, यावर दोन सहकाऱ्यांचे दोन निकाल आले.

उत्तर : दोघे वेगवेगळ्या व्याख्या वापरत असणार. कंबर बाजूला ठेवा. रक्तदाब वरच्या आकड्यामुळे धरला जातो, एचडीएल १.३ पेक्षा कमी आहे, साखर ५.६ च्या वर आहे. तीन झाले. २००९ च्या व्याख्येने कमरेची मर्यादा ८० धरा की ९२, सिंड्रोम आहेच. डायबेटिस फेडरेशनच्या २००५ च्या व्याख्येत मात्र कंबर सक्तीची होती. ती नसेल तर पुढचे मोजायचेच नाही. तिथे मर्यादा ९२ केली की हीच स्त्री 'निरोगी' होते. अहवालात व्याख्येचे साल आणि कमरेची मर्यादा दोन्ही लिहिल्याशिवाय 'सिंड्रोम आहे' हे वाक्य अपुरे आहे.

आता समजा तिचा रक्तदाब ११८/७६ असता. मग ८० ने तीन मुद्दे भरतात, ९२ ने दोनच. निदान एका रेघेवर पलटले. पण तिच्यासाठी करायचे काम पलटत नाही: साखर ५.८ आहे, ती पुन्हा तपासायची, खाणे आणि हालचाल यांवर बोलायचे, वर्षभरात परत बोलवायचे. सिंड्रोम हे नाव गटांची तुलना करायला उपयोगी आहे. समोरच्या माणसावर उपचार मात्र त्याच्या साखरेचे, रक्तदाबाचे आणि चरबीचे करायचे असतात.

प्रश्न : पाहणीत एकाच व्यक्तीची कंबर दोन कार्यकर्त्यांनी मोजली तर चार-पाच सेंटिमीटरचा फरक येतो. बरोबर पद्धत कोणती?

उत्तर : हा प्रश्न विचारल्याबद्दल मनापासून आभार. ८६ की ९० असा वाद घालायचा आणि मोजतानाच पाच सेंटिमीटरची चूक करायची, यात सगळी मेहनत वाया जाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत माप शेवटच्या बरगडीची खालची कड आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्यावर घेतात. अमेरिकी पद्धतीत ते कमरेच्या हाडाच्या लगेच वर घेतात. स्त्रियांत या दोन जागांच्या मापात चांगलाच फरक पडतो, हाडावरचे माप साधारणपणे जास्त येते. पुरुषांत फरक थोडा असतो. ग्लासगोची मापे मध्यावरची होती. तेव्हा जागा ठरवा, नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि मध्येच बदलू नका.

टेप न ताणणारी हवी, फायबरग्लासची चालते, लांबी निदान १५० सेंमी; लठ्ठ लोक जास्त असतील तर २०० सेंमी घ्या. शिंप्याची जुनी कापडी टेप वापराने लांबते आणि माप कमी दाखवते. दर महिन्याला टेप धातूच्या पट्टीवर ठेवून पडताळा. काही टेपांचा शून्य अगदी टोकाला नसतो, पुढे दोन-तीन सेंमी कोरी पट्टी असते. नवा कार्यकर्ता टोकापासून धरतो आणि दिवसभराची सगळी मापे तेवढ्याने चुकतात.

व्यक्तीला पाय जवळ ठेवून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे करा. हात बाजूला सैल सोडलेले असावेत. लघवी करून आलेली असावी आणि नुकतेच भरपेट जेवलेली नसावी. तुम्ही तिच्या बाजूला स्टुलावर बसा, म्हणजे टेप तुमच्या डोळ्यांच्या पातळीत येते. काखेच्या मध्यातून सरळ खाली येणाऱ्या रेषेवर बोटांनी शेवटची बरगडी शोधा. चरबीमुळे हाताला लागत नसेल तर एक खोल श्वास घ्यायला सांगा, बरगडी सरकते आणि कळते. कमरेचे हाड सापडत नसेल तर तिलाच 'कमरेवर हात ठेवा' म्हणा. हात बहुधा त्या हाडाच्या कडेवरच टेकतो. दोन्ही जागी पेनाने बारीक खूण करा, मधले अंतर मोजा, मध्यावर तिसरी खूण करा. दुसऱ्या बाजूलाही तसेच करा. टेप दोन्ही मधल्या खुणांवरून जाऊ द्या आणि पाठीमागे जमिनीला समांतर आहे ना, वळलेली नाही ना, हे उठून पाहा. पाठीमागे टेप खाली घसरणे ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे.

टेप त्वचेला टेकावी, रुतू नये. आता दोन-तीन साधे श्वास घेऊ द्या आणि साधा श्वास बाहेर सोडून झाल्याच्या क्षणी वाचा. 'श्वास रोखा' असे कधीही सांगू नका. तसे सांगितले की माणूस पोट आत घेतो. आकडा ०.१ सेंमीपर्यंत लिहा. टेप काढून पुन्हा मोजा. दोन मापांत १ सेंमीपेक्षा जास्त फरक नसेल तर सरासरी घ्या, असेल तर दोन्ही खोडून पहिल्यापासून मोजा.

बेंबीवर मोजणे सोपे वाटते, म्हणूनच ते घातक आहे. पोट सुटले की बेंबी खाली उतरते आणि माप भलत्याच जागेचे होते. पँटच्या पट्ट्याचा नंबर म्हणजे कमरेचा घेर नव्हे. मोठ्या पोटाचा पुरुष पट्टा पोटाखाली बांधतो.

पूर्व आफ्रिकेत आणखी एक अडचण येते. कांगा किंवा किटेंगे कमरेभोवती दोन-तीन वेढे घेऊन, दुमडून, गाठ मारून नेसलेला असतो. त्यावरून मोजले तर कापडाचे काही सेंटिमीटर त्या स्त्रीच्या नावावर जमा होतात. अंदाजाने तीन-चार वजा करायची सवय काही ठिकाणी दिसते, ती सोडा. आडोसा करा, मोजणारी स्त्री असू द्या आणि कापड मापाच्या जागेपासून खाली सरकवायला सांगा. अगदीच शक्य नसेल तर पातळ कापडाच्या एकाच थरावरून मोजा आणि तशी नोंद करा.

प्रश्न : ट्रायग्लिसराइड अगदी कमी, तरी मधुमेह! असे आफ्रिकी रुग्ण वारंवार दिसतात. प्रयोगशाळेची चूक असेल का?

उत्तर : बहुधा नाही. आफ्रिकी वंशाच्या लोकांत इन्सुलिनला शरीर दाद देत नसतानाही ट्रायग्लिसराइड वाढत नाही, हे पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. रक्तातली ही चरबी फोडणारे लायपोप्रोटीन लायपेज नावाचे विकर त्यांच्यात इन्सुलिनचा जोर ओसरला तरी काम करत राहते, असे मुख्य स्पष्टीकरण दिले जाते. म्हणून १.७ ची मर्यादा इथे फार थोड्यांना पकडते. ट्रायग्लिसराइड ०.९ पाहून रुग्णाला 'चिंता नको' म्हणणे चूक ठरेल.

कमरेच्या आत काय आहे, तेही वेगळे असते. तेवढाच घेर असलेल्या काळ्या आणि गोऱ्या स्त्रियांची तुलना केली तर काळ्या स्त्रियांत आतड्यांभोवतीची चरबी कमी आणि त्वचेखालची, मांड्या-नितंबांवरची जास्त आढळते. हे ऐकून त्या सुरक्षित आहेत असे वाटेल. पण केपटाऊनमधल्या अभ्यासांत त्याच स्त्रियांची इन्सुलिनला मिळणारी दाद कमी दिसली. आतली चरबी कमी असूनही धोका आहे, फक्त तो टेपवर वेगळ्या जागी दिसतो.

उलट, कमी एचडीएल आफ्रिकेत सडपातळ लोकांतही भरपूर आढळते. त्यामुळे पाचपैकी एक मुद्दा सहज मिळतो आणि एक जवळपास कधीच मिळत नाही. आमचा सल्ला असा की आफ्रिकी प्रौढांत रक्तदाब आणि साखर या दोनकडे आधी पाहा. रक्तदाब मोजताना पट्ट्याच्या आकारावर लक्ष ठेवा. जाड दंडाला मध्यम पट्टा बांधला की आकडा खोटा वर जातो. मोठा पट्टा जवळ असू द्या, रुग्णाला पाच मिनिटे पाठ टेकवून बसवा, तीनदा मोजा आणि शेवटच्या दोनची सरासरी लिहा.

प्रश्न : साखरेसाठी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) पुरेसे आहे का? उपाशी राहायला लोक तयार नसतात.

उत्तर : सिंड्रोमच्या व्याख्येत उपाशीपोटीची साखर आहे आणि आफ्रिकेत ती सोडू नये याला ठोस कारण आहे. सिकल सेलचे एक जनुक असलेल्या माणसाला काही त्रास नसतो, पण तेवढ्याच साखरेला त्याचे एचबीए१सी कमी दिसते. जी६पीडी या लाल पेशींतल्या विकराची कमतरता असली तर लाल पेशी लवकर मरतात, तिथेही ते कमी दिसते. लोहाच्या कमतरतेचा अशक्तपणा असेल तर उलटे, जास्त दिसते. मलेरियानंतर काही आठवडे तर या चाचणीवर विसंबूच नये.

निदान आठ तास उपास हवा, पाणी चालते. नमुना घेतल्यावर पेशी नळीतही साखर खात राहतात आणि दर तासाला सुमारे ५ ते ७ टक्के साखर उतरते. फ्लोराइडची नळी हे थांबवते, पण पहिल्या तास-दोन तासांत पुरतेपणी नाही. म्हणून नळी बर्फात ठेवा आणि शक्यतो अर्ध्या तासात प्लाझ्मा, म्हणजे पेशींशिवायचा पातळ भाग, वेगळा करा. सकाळी खेड्यात घेतलेले रक्त दुपारी शहरात पोचत असेल, तर ५.८ ची साखर ५.२ होऊन येते आणि कुणालाच शंका येत नाही.

प्रश्न : सेंटिमीटरच्या या वादातून सुटका करणारे एखादे सोपे माप नाही का?

उत्तर : आहे, कंबर भागिले उंची. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ साली बीएमआय ३५ पेक्षा कमी असलेल्या प्रौढांसाठी ते सुचवले: ०.५ ते ०.५९ म्हणजे वाढलेला धोका, ०.६ आणि पुढे म्हणजे जास्त धोका, आणि स्त्री-पुरुष किंवा वंश यांनुसार वेगळा आकडा नाही. कंबर ८६ आणि उंची १५८ असेल तर ०.५४, आणि तीच कंबर १७८ उंचीच्या माणसाची असेल तर ०.४८. एकाच ८६ चे दोन अर्थ निघतात, हे फक्त सेंटिमीटर पाहून कधीच कळले नसते. टेप नसेल तर व्यक्तीच्या उंचीइतकी दोरी कापा, दुमडून निम्मी करा आणि कमरेभोवती फिरवा. टोके भेटली नाहीत तर पुढची तपासणी करा.

हा पर्याय आम्हाला आवडतो, तरी तो निदान करत नाही. कुणाला पुढे तपासायचे, एवढेच सांगतो. ज्या गटात बहुतेक स्त्रिया ०.५ च्या पुढे आहेत, तिथे निवड करण्याची अडचण याच्यानेही सुटत नाही.

प्रश्न : दक्षिण आफ्रिकेत डर्बनमधल्या भारतीय वंशाच्या लोकांना कोणता आकडा?

उत्तर : दक्षिण आशियाई लोकांचा, म्हणजे पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८०. कुठल्या देशात राहतात यापेक्षा वंश इथे महत्त्वाचा धरला आहे.

प्रश्न : एचआयव्हीच्या गोळ्या सुरू केल्यावर स्त्रियांची कंबर भराभर वाढते. त्या गोळ्या सोडायला निघतात. काय सांगावे?

उत्तर : आधी हे सांगा की गोळ्या थांबवायच्या नाहीत, एक दिवसही नाही. मग तक्रार खरी आहे हेही मान्य करा. पूर्वीच्या स्टॅव्हुडीन या एचआयव्हीच्या औषधाने हातपाय, गाल सुकायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ते टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितले. आताच्या डोल्युटेग्राव्हिरला २०१९ साली पहिली पसंती मिळाली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, जोहान्सबर्गमधल्या ॲडव्हान्स चाचणीत या औषधाने वजन वाढते हे दिसले: स्त्रियांत जास्त, आणि सोबत टेनोफोव्हिर ॲलाफेनामाइड हे एचआयव्हीचे दुसरे औषध असेल तर आणखी जास्त. सुरुवातीची काही वाढ आजारात गेलेले वजन परत येण्याची असते आणि ती चांगलीच आहे. म्हणून उपचार सुरू करण्याच्या दिवशीच वजन, कंबर, रक्तदाब आणि साखर लिहून ठेवा. मग तीन, सहा आणि बारा महिन्यांनी. सुरुवातीचा आकडाच नसेल तर नंतर कुणालाही काही सांगता येत नाही.

मधुमेह निघाला आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी द्यायचे ठरले, तर डोल्युटेग्राव्हिर मेटफॉर्मिनची रक्तातली पातळी वाढवते हे लक्षात ठेवा. दोन्ही एकत्र असताना मेटफॉर्मिन दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या पुढे नेऊ नये. एचआयव्हीचे कार्ड एका खोलीत आणि मधुमेहाचे दुसऱ्या खोलीत, अशा दवाखान्यांत ही गोष्ट निसटते. दोन्ही कार्डांवर दोन्ही औषधे लिहा.

प्रश्न : बारीक झाले तर लोक आजारी समजतील, असे स्त्रिया म्हणतात. वजन कमी करा हे सांगायचे तरी कसे?

उत्तर : त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नका. दक्षिण आफ्रिकेत एचआयव्ही आणि क्षयाने माणसे झिजून गेलेली त्यांनी घरात पाहिली आहेत. बारीक होणे म्हणजे शेजारपाजारच्या नजरा, हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे. म्हणून वजनकाट्यापासून सुरुवात करू नये. 'तुमचा रक्तदाब १३८ आहे, तो १२५ वर आणू' असे बोलावे.

आणि बारीक व्हावेही लागत नाही. वजनाचा ५ ते ७ टक्के भाग उतरला तरी मधुमेहाचा धोका चांगलाच घटतो. ८८ किलोच्या स्त्रीसाठी ते साडेचार ते सहा किलो होतात. इतक्याने कुणी तिला आजारी म्हणणार नाही. आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे, म्हणजे पाच दिवस अर्धा तास. गोड पेये हा सर्वांत सोपा घाव; दक्षिण आफ्रिकेने २०१८ पासून १०० मिलिलिटरमध्ये ४ ग्रॅमपेक्षा जास्त साखर असलेल्या पेयांवर कर लावला तो याच कारणाने. 'पाप' किंवा 'उगाली' (मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा) सोडा असे सांगू नका, कुणीही सोडणार नाही. ताटातला तो गोळा एक चतुर्थांशावर आणा आणि निम्म्या ताटात पालेभाजी, शेंगा येऊ द्या. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. त्यात मटणाच्या रश्श्यात टाकायच्या मसाल्याच्या वड्या आणि पावातले मीठही धरायचे.

प्रश्न : गरोदर स्त्रिया आणि मुलांची कंबर मोजायची का?

उत्तर : गरोदरपणात मोजून काहीच कळत नाही; तिथे ग्लुकोज पाजून साखरेची चाचणी करा. दहा वर्षांखालच्या मुलांवर सिंड्रोमचे नाव लावू नये. १० ते १६ वयात सेंटिमीटरची ठरावीक मर्यादा नसते. त्या वयाच्या मुलांतल्या ९० व्या पर्सेंटाइलशी, म्हणजे १०० पैकी ९० मुले ज्याच्या खाली असतात त्या मापाशी, तुलना करतात. सोळानंतर मोठ्यांचे निकष.

प्रश्न : एकदा मोजलेली कंबर पुन्हा कधी मोजावी?

उत्तर : सगळे ठीक असेल तर वर्षाने. खाण्यात, चालण्यात बदल सुरू केला असेल तर तीन महिन्यांनी. त्याआधी मोजले तर बदल मोजण्याच्या चुकीत हरवतो. शक्यतो त्याच माणसाने, त्याच टेपने, त्याच जागी, सकाळी मोजावे. घेर १ सेंमीने हलला तर त्यावर बोलू नका, ३ सेंमी हलला तर बोला. आणि दर वेळी आकड्याशेजारी 'मध्यावर' की 'हाडावर' हे एका शब्दात लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी कार्यकर्ता बदलला तरी तुलना करता येईल.